पॅकर्सचा वकील लवू परब

लवू परब कुवेतला आला तेव्हा पंचविशीत होता. आता पन्नाशी आली. देवगडच्या बाजूचा माणूस, धंद्याने एसी मेकॅनिक. एका अमेरिकन कंपनीच्या वसाहतीत चोवीस वर्षं एसीची देखभाल करतो आणि खैतान या वस्तीत पाच जणांच्या खोलीत राहतो. अशा माणसाला अमेरिकेतल्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलचं काय ठाऊक असणार, असं कुणालाही वाटेल. पण वसाहतीच्या हॉलमध्ये टीव्हीवर कायम तोच खेळ लागलेला असे, आणि फिल्टर धुवायला आलेल्या लवूला विस्कॉन्सिनचा एक म्हातारा इंजिनियर शेजारी बसवून सगळं समजावून सांगे. म्हातारा त्याच्या राज्यातल्या पॅकर्स या संघाचा भक्त. तो निवृत्त होऊन घरी गेला आणि त्याची भक्ती लवूकडे ठेवून गेला.

पुढे खैतानच्या चहाच्या दुकानात शुक्रवारची, सुट्टीची सकाळ या खेळावरच्या गप्पांत जाऊ लागली. स्टोअरकीपर नौमान आणि बस चालवणारा अफताब दोघेही वसाहतीतलेच, त्यांनाही खेळाचं वेड लागलेलं. विषय ठरलेला: आजवरची सर्वांत मोठी राजवट कुणाची? वर्षानुवर्षं अजिंक्य राहिलेला संघ कोणता? नौमान सहा वर्षांत चार विजेतेपदं मिळवणाऱ्या स्टीलर्सचा, अफताब काउबॉइजचा. पण शेवटचा शब्द लवूचा. साठच्या दशकात पॅकर्सनी सात वर्षांत पाच विजेतेपदं जिंकली, हे सांगताना तो कप खाली ठेवी, आणि तो बोलत असताना मध्ये कुणी बोलत नसे. गावी त्याला आनंदीचा नवरा म्हणत, वसाहतीत ‘एसीवाला’. या एका टेबलावर तो लवूभाई होता.

मागल्या वर्षी नौमानच नचिकेतला घेऊन आला. पुण्याचा पोरगा, वसाहतीच्या ऑफिसात अकाउंटंट, बायको मैथिलीसह सालमियाच्या महागड्या भागात राहणारा. पहिल्याच शुक्रवारी तो म्हणाला की पॅकर्स थोर खरे, पण तेव्हा खेळाडूला संघ सोडून जाणं सोपं नव्हतं. आता प्रत्येक संघाच्या पगारावर कमाल मर्यादा असते, चांगले खेळाडू धरून ठेवणंच कठीण. तरीही पॅट्रियट्सनी अठरा मोसमांत सहा विजेतेपदं मिळवली, मग मोठं कोण?

नौमान म्हणाला, बात में दम है. लवूने चहा घोटभर पिऊन तसाच ठेवला.

त्यानंतर नौमान कोणतीही शंका आधी नचिकेतला विचारू लागला. पोरगा वागायला वाईट नव्हता, लवूकाका, लवूकाका करायचा, आणि लवूला तेच जास्त झोंबायचं. त्याच्याशी बोलताना लवू आपली मालवणी आवरून शुद्ध बोलू बघे आणि मध्येच अडखळे. खोलीवर लवू पोराच्या घड्याळाबद्दल, बुटांबद्दल, सालमियाच्या फ्लॅटबद्दल काहीबाही बोलत राही. शेवटी खोलीतले लोक हसू लागले.

सप्टेंबरात नवा मोसम सुरू झाला तेव्हा वसाहतीच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, हॉलमध्ये दुपारी वादविवाद ठेवला. विषय तोच, राजवटी. पॅट्रियट्सच्या बाजूने नचिकेत बोलणार, पॅकर्सच्या बाजूने कुणी गोरा सुपरवायझर. लवूला निरोप आला की गर्दी होईल, हॉल गार ठेव.

सुपरवायझर बोलला. त्याला सात वर्षांतली पाच विजेतेपदंसुद्धा नीट सांगता आली नाहीत. मग नचिकेत उभा राहिला आणि पहिल्याच वाक्याला टाळ्या पडल्या. दारात उभ्या लवूला पुढचं ऐकवेना. तो जिना चढून गच्चीवरच्या मशीनखोलीत गेला आणि त्याने हॉलच्या एसीचा ब्रेकर पाडला.

बाहेर पंचेचाळीसच्या वर उन्हाचा आगडोंब. दहा मिनिटांत खाली लोक कागदांनी वारा घेऊ लागले असतील, हे त्याने मनात पाहिलं. थोडा वेळ त्याला बरं वाटलं. मग जिन्यावर पावलं वाजली. नचिकेत होता, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात पाण्याची बाटली.

“काका, हे घ्या. वर किती तापलंय,” तो म्हणाला. “मी भाषण थांबवलंय. पॅकर्सची बाजू तुम्हीच मांडावी, असं मी मुदीरना आधीच सुचवलं होतं. ते म्हणाले, मग एसी कोण बघणार?”

लवूने बाटली घेतली नाही. नचिकेतची नजर विजेच्या पेटीवर गेली. सगळे ब्रेकर वर होते, एकच खाली.

“पडला होता की पाडलात?”

“पाडला,” लवू म्हणाला.

नचिकेतने बाटली जमिनीवर ठेवली. “वर करा,” तो म्हणाला. “खाली म्हातारी माणसं बसलीत.”

लवूने ब्रेकर वर केला. नचिकेत खाली गेला, आणि कुणाला काही बोलला नाही. हात वर करून मतं झाली, पॅट्रियट्स जिंकले. दारात लवूने एकट्याने पॅकर्ससाठी हात उंच धरला. मुदीरने तो मोजलाच नाही.

पुढचे तीन शुक्रवार नचिकेत चहाला आला नाही. नौमान आणि अफताब कारण विचारत राहिले. लवू विषय बदलून टाकी. पोरगा नसलेलं टेबल त्याला परत मिळालं होतं, पण पूर्वीच्याच गोष्टी पूर्वीच्याच माणसांना सांगताना त्याची जीभ जड होई. चौथ्या आठवड्यात तो ऑफिसात नचिकेतच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. माफीचे शब्द त्याने बसमध्ये जुळवले होते, ते आठवेनात.

“मी जळलो तुझ्यावर,” तो म्हणाला. “अजूनही जळतोय. शुक्रवारी ये. पॅकर्सनी सलग तीन वर्षं विजेतेपद जिंकलं. त्यानंतर आजतागायत कुणाला जमलेलं नाही, लागोपाठ दोनदा जिंकलेल्या चीफ्सनाही नाही. याचं उत्तर आण.”

नचिकेत आला. उत्तरही आणलं: तेव्हा लीगमध्ये चौदा ते सोळाच संघ होते, आता बत्तीस आहेत. नौमानने मान डोलावली, अफताबनेही. लवूने चौघांसाठी पुन्हा चहा सांगितला आणि संघ कमी असले तर प्रत्येकातले खेळाडू सरस असणार की नाही, असा उलट प्रश्न टाकला. नचिकेत विचारात पडला. तेवढ्यापुरता का होईना, पडला.