गोधडीवरचा तत्कार

विठ्ठलवाडीची खोली सोडली त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात शेवटी गोधडी चढली. मालकीणकाकी खाली ओट्यावर बसल्या होत्या. आईचा हात धरून म्हणाल्या, "सोला वर्सां झाली, पन वर कोन ऱ्हाते का नाय, कदी कललाच नाय." आई एवढी खूश झाली की वाटेत तिने ते बाबांना दोनदा ऐकवलं. मला मात्र तिथेच, ओट्याजवळ रडू फुटलं. काकींना वाटलं, पोरीला खोली सोडवत नाही.

वर कोणी आहे हे खाली कळू नये, यासाठीच तर आमचं सगळं चाललेलं. आईबाबा चिपळूणजवळच्या खेड्यातून आलेले, बाबा अंबरनाथला कारखान्यात. दर अकरा महिन्यांनी भाड्याचं अग्रीमेंट संपायचं आणि त्याच्या महिनाभर आधीपासून आई खुर्चीसुद्धा सरकवू द्यायची नाही. "पाय हळू टाक. आपण दुसऱ्याच्या डोक्यावर राहतो," हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. काकी मात्र आम्हाला एकदाही काही बोलल्या नव्हत्या. कोणी न सांगताच आम्ही दबून राहिलो, याचा मला आज जास्त राग येतो.

गावी गेलं की आम्ही मुंबईवाले, इथे कोकणातले. डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी कथकचा क्लास असायचा, तिथे कोणी गाव विचारत नसे. ताठ उभं राहायचं आणि तत्कार करायचा, म्हणजे तळपाय तालात जमिनीवर आपटायचे. मला दुसरं काय हवं होतं? ते दोन तास मी कोणाची भाडेकरू नव्हते.

पण रियाज घरी. आईने क्लासला नाही म्हटलं नाही, हे तिचं मोठेपण. तिने गोधडीची चौघडी करून अंथरली आणि घुंगरू वाजू नयेत म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवले. त्या गोधडीवर मी सात वर्षं नाचले. मग परीक्षेआधी क्लासच्या बाईंनी मला एकटीला उभं केलं आणि म्हणाल्या, "अगं, पाय दिसतोय, ऐकू येत नाहीये." कितीही जोर लावला तरी जमिनीजवळ आली की टाच आपोआप सावकाश व्हायची. कार्यक्रमात मी कायमची शेवटच्या रांगेत गेले.

आता बाळकुमला राहते, मुद्दाम तळमजल्यावर. वर्तकनगरची मैत्रीण तिच्या इमारतीतला हवेशीर पाचवा मजला सुचवत होती. मी खाली फक्त माती असलेलं घर शोधलं. डास आहेत, भिंतींना ओल येते. ऑफिसातून आले की घुंगरू बांधते, आणि आवाज अजून अर्धाच निघतो.

परवा आई राहायला आली. पिशवीतून तीच गोधडी काढून माझ्या पायाखाली घालायला लागली.

"आई, खाली कोणी नाही."

"असू दे गं. बरं असतं."

मी गोधडी बाजूला सारली आणि होता नव्हता तो राग टाचेत आणून पाय आपटला. वाजला. असा खणखणीत वाजला की मांडणीवरचे पेले हलले. आईने दचकून दाराकडे पाहिलं.

माझ्यासारखे कुणाच्या तरी माडीवर वाढलेले तुम्ही, आणि गावी राहून आमचा हेवा करणारे तुम्ही, घर म्हणजे काय असं मला विचारता. या दारावर माझ्या एकटीच्या नावाची पाटी आहे. पण आईने दाराकडे पाहिलं, तेव्हा मी आधीच तिकडे बघत होते.