वैशालीचे नर नाकतोडे

आमच्या मुरबाडच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची लॅब म्हणजे किश्श्यांचं गोदाम. इतकी वर्षं इथे शिकवतोय, आता मला कशाचाच धक्का बसायला नको. तरी बसतोच!

सध्याचे सगळे किस्से वैशालीचे. ती माझ्याकडे पीएचडी करते. विषय, नर नाकतोड्याच्या प्रजनन ग्रंथी. केसासारख्या बारीक पांढऱ्या नळ्यांचा झुबका असतो तो, मायक्रोस्कोपखाली बघायचा.

*

सापगावात तिच्या सासूबाईंना हे कळलं ते शेजारणींसमोर. "सूनबाई कॉलेजात काय करतात?" कोणीतरी विचारलं. वैशालीने सरळ खरं सांगून टाकलं. मग सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "गो, लोकांना कंप्युटर सांग!"

*

नमुने पिवळ्या द्रावणात ठेवावे लागतात, त्यामुळे तिची बोटं कायम पिवळी. कँटीनच्या काकूंनी विचारलं, "कुनाची हळद गो?"

"बारा नाकतोड्यांची!"

काकू दिवसभर तिच्याकडे चोरून बघत होत्या.

*

नाकतोडे पकडायला आम्ही वैशाखऱ्याला एका भातशेतात गेलो. नर बरणीत, मादी परत शेतात, असं तिचं चाललेलं. मालक बांधावरून बघत होते. अचानक ओरडले, "ओ बाई! अंडी घालनारी परत सोडता? आनि बिनकामाचे तेवढे नेता? सगळ्या न्या, नायतर बरणी ठेवा हितं!"

मी गार पडलो. मालकांचं बरोबर होतं हो! कीटक शिकवतो मी, पण माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून लॅबमध्ये दोन पिंजरे, एक नरांचा, एक माद्यांचा.

*

मेणात बसवलेल्या ग्रंथींचे काप काढायला तिला तीन दिवस लागले. काप कसले, श्वास लागला तरी हलतील असे. काळ्या कागदावर ओळीने मांडून बसलेली. मी आत आलो आणि "काय उकडतंय!" म्हणत पंखा लावला.

वैशाली किंचाळली, "सर, माझे पंधरा नर उडाले!"

टेबलाखाली शिरून शोधलं, एकही मिळाला नाही. आठवडाभर मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

*

खरा हादरा पुढेच होता. भातकापणी झाली, शेतं मोकळी. पिंजऱ्यात शेवटचे बारा नर. सोमवारी पीएचडीची कमिटी येणार. भरलेली ग्रंथी दाखवली नाही तर वैशालीचं वर्ष वाया. आणि ग्रंथी भरलेली राहते ती नर मादीला भेटेपर्यंतच!

सोमवारी सकाळी बघतो तर एकच पिंजरा. दुसरा धुऊन उन्हात वाळत घातलेला! आमचे लॅबचे शिपाई काशिनाथमामा कौतुकाने शेजारी उभे.

"सुट्टी होती ना सर. आमी सगळे घरी, पोराबाळांत. हे बिचारे एकटे! म्हनून केले एकत्र."

वैशालीने घाईघाईने माद्या वेगळ्या केल्या.

कमिटीच्या मॅडम आल्या. वैशालीने एक नर उघडला. मॅडमनी मायक्रोस्कोपमध्ये डोकावलं. "ग्रंथी रिकामी कशी?"

दारातून मामाच म्हणाले, "मॅडम, पोरीची काय चूक नाय. माद्या मी सोडल्या त्यांच्यात."

मी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही.

"किती वाजता?"

"शनवारी, दीडला. माझी दोनची एसटी होती."

"म्हणजे दोन दिवसांत ग्रंथी रिकामी, हाही निष्कर्षच. लिहून घे, वैशाली."