दोन्हीकडं उलटणारी ट्रॉली

मी ट्रॅक्टर चालवते याचं आमच्या घरात कोणाला काही वाटत नव्हतं. माहेर देऊळघाटचं, वडिलांना मुलगा नाही, त्यामुळे लाटण्याच्या आधी माझ्या हातात स्टेअरिंग आलं. सासरी सुरुवातीला चार बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. पेरणीच्या घाईत त्यांचेच नवरे "वहिनी, आमचंबी एवढं करून द्या" म्हणत आले, तेव्हा हसणं थांबलं. तर ट्रॅक्टर चालला. भासऱ्यांशी बोललेलं मात्र चालत नव्हतं.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडे धाकट्या सुनेनं त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, नाव घ्यायचं नाही, हाकही मारायची नाही. काही सांगायचं झालं तर मध्ये कोणीतरी पाहिजे. सासूबाई असल्या तर सासूबाई, नवरा असला तर नवरा, कोणीच नसलं तर भिंत. "त्याइले म्हणा, चहा झाला," असं मी भिंतीला सांगायची, आणि दोन हातांवर बसलेले भासरे त्याच भिंतीला सांगायचे, "लहानीले म्हणा, साखर कमी टाक." लहानी म्हणजे मी. मोबाईल आले तरी काही फरक पडला नाही. त्यांचा फोन नवऱ्याला यायचा, "लहानीले विचार, डिझेल किती हाये," आणि मी शेजारीच बसलेली असायची. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मी केव्हाच भांडून मोकळी झाले असते. पण बोलणंच नाही म्हटल्यावर भांडणार तरी कशी.

त्यांचं धामणगाव बढ्याला वेल्डिंगचं दुकान आहे. वाटणी झाली तेव्हा शेताचे दोन तुकडे झाले, मध्ये धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावरूनच गाडीवाट. वाट इतकी अरुंद की ट्रॅक्टर एका तोंडानं आत शिरला की वळायला जागा नाही, थेट दुसऱ्या टोकाला निघायचं. साधी ट्रॉली मागच्या बाजूला उलटते, म्हणजे माल वाटेतच पडणार. म्हणून भासऱ्यांनी दोन्हीकडं उलटणारी ट्रॉली स्वतः बनवली. एक खेप त्यांच्या वावरात, एक आमच्या. भांडायला कारणच ठेवलं नाही.

तिची रचना सोपी होती. वरचा लोखंडी डबा खालच्या चासीवर चार पिनांनी बसवलेला, दोन डाव्या अंगाला, दोन उजव्या. मधोमध हायड्रोलिकचा जॅक. ज्या बाजूला माल ओतायचा त्या बाजूच्या पिना ठेवायच्या, दुसऱ्या बाजूच्या काढायच्या. जॅक वर आला की डबा ठेवलेल्या पिनांवर दारासारखा फिरतो आणि माल घसरून खाली पडतो. पुढच्या खेपेला पिना उलट्या करायच्या. पिन हादऱ्यानं सरकू नये म्हणून तिच्या टोकाला तारेची एक क्लिप असते. पिना भासरे स्वतः बदलायचे. नवरा सीटवरून ओरडायचा, "लागल्या?" ते मागून म्हणायचे, "लागल्या." मगच लिव्हरला हात. या दोन शब्दांशिवाय आमची ट्रॉली कधी उचलली गेली नव्हती.

त्या उन्हाळ्यात तलाव आटला आणि गाळ उपसायला जेसीबी लागला. ज्याच्याकडे गाडी त्यानं न्यावा, पाऊस आला की संपलं. आमच्या हलक्या रानाला तो काळा गाळ म्हणजे सोनं. आणि नेमका नवरा टायफॉईडनं अंथरुणावर. उठून बसला तरी त्याला गरगरायचं. तेव्हा ट्रॅक्टरवर मी आणि मागे भासरे, असं ठरलं. ठरलं म्हणजे सासूबाईंनी इकडून तिकडे निरोप दिले.

वावरात मात्र आमच्या मध्ये कोणीच नव्हतं. भिंतसुद्धा नाही. पहिल्याच खेपेला भासऱ्यांनी उपाय काढला. पिना बदलून झाल्या की ट्रॉलीच्या फाळक्यावर हातानं एक थाप. एक थाप म्हणजे वर, दोन म्हणजे खाली. थाप काही बोलणं नव्हे, त्यामुळे कोणाच्या मर्यादेला धक्का नाही. मला मनातून हसू आलं. एवढी मोठी ट्रॉली बनवणारा माणूस मला "उचला" म्हणू शकत नव्हता. पण काम सुरू झालं आणि दुपारपर्यंत ठीक चाललं.

दुपारच्या खेपेचा गाळ तलावाच्या अगदी मधला होता, ओला आणि चिकट. खेप आमच्या बाजूची. भासरे मागे गेले, पिनांचे आवाज आले, थाप पडली. मी लिव्हर ओढला. डबा अर्धा वर आला आणि थांबला. गाळ तसाच चिकटून बसलेला, एक ढेकूळही खाली आलं नाही. मी लिव्हर आणखी ओढून पाहिला. इंजिन कण्हायला लागलं, डबा हलेना.

मागे वळून पाहिलं तर भासरे पलीकडे, डबा वर उचललेल्या अंगाला गेले होते. जॅकचा पाइप कुठे दबला का ते पाहायचं असणार. ते वाकले. डबा आणि चासीच्या मधल्या फटीत त्यांनी आधी डोकं घातलं, मग खांदे. टेकू लावला नव्हता. लाकडी टेकू ट्रॉलीच्या बाजूलाच बांधलेला मला दिसत होता. दुसऱ्याच्या गाडीला त्यांनी कधी असं केलं नसतं. ही त्यांची स्वतःच्या हातची ट्रॉली होती, म्हणून भरवसा.

मग मला आमच्या बाजूची पुढची पिन दिसली. ती माझ्या पाठीमागेच होती, हात-दोन हातांवर. तिची क्लिप लावलेलीच नव्हती, नुसती बाजूला लोंबत होती. आणि इंजिनच्या हादऱ्यानं पिन बाहेर सरकत होती. बोटभर बाहेर आलेली. मी पाहत होते तेवढ्यात आणखी थोडी.

मला एकदम सगळं समजलं. ही पिन निघाली की डबा एका कोपऱ्यावर लटकणार, पिळणार आणि भरल्या गाळासकट खाली बसणार. डबा खाली घ्यावा तर खाली त्यांची मान. वर न्यावा तर पिन तत्काळ निघणार. खाली उतरून पिन हातानं दाबावी तर एवढ्या वजनाखाली ती तसूभरही आत जाणार नाही. मी इंजिन बंद केलं, निदान हादरा तरी थांबेल म्हणून. ट्रॅक्टर बंद होताना जो शेवटचा झटका देतो, त्यानं पिन आणखी एक पेर बाहेर आली.

वावरात शांत झालं. आता फक्त त्यांनी बाहेर यायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं ते हे: "त्याइले म्हणा, बाहेर निघा म्हणा."

कोणाला म्हणा? तिथे काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. पण इतकी वर्षं जीभ त्याच चाकोरीतून गेलेली, ती तशीच गेली.

खालून आवाज आला, "आला काय बे तू? एवढ्या तापात काऊन आला?"

त्यांना वाटलं, नवरा आला आणि मी त्याच्याशी बोलतेय. आणि ते निवांत झाले. आता मागे माणूस आहे म्हटल्यावर त्यांनी हात आणखी आत घातला. "पाइप दबला हाये," ते भावाला सांगत होते, "लिव्हरले हात लावू नको म्हणा तिले."

मला रडू आणि राग एकदमच आला. राग कोणाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं. हाक मारावी तर त्यांना मारायची हाक माझ्याकडे नव्हतीच. माझी मुलगी त्यांना मोठे बाबा म्हणते, नवरा दादा म्हणतो, मी काहीच म्हणत नाही. मी सीटवर उभी राहिले आणि ओरडले, "कोणी नाही आलं. मी बोलून राह्यली. तुमाले बोलून राह्यली मी. पिन निसटली, निघा बाहेर."

खाली हालचाल थांबली. मला वाटलं, हा माणूस आता आधी लाजणार आणि मग निघणार.

"निघा म्हणते ना!"

ते निघाले. आधी खांदे, मग डोकं. डोकं निघताना कानाजवळ खरचटलं. ते सरळ उभे राहून माझ्याकडे पाहायला लागले, आणि मी म्हटलं, "मागं सरका, अजून मागं." ते दोन पावलं मागे गेले असतील. पिन टणकन खाली पडली. डबा आधी कुरकुरला, मग पिळला, आणि त्याचा कोपरा चासीवर असा आदळला की ट्रॅक्टर माझ्यासकट एका अंगानं उचलला जाऊन खाली बसला.

गाळ घसरला, पण वाटेवर. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं आपापल्या जागी उभे होतो. त्यांची टोपी त्या फटीत राहिली होती. फट आता उरली नव्हती.

मी खाली उतरले आणि मला काय झालं माहीत नाही, मी त्यांना बोलायला लागले. टेकू काय शोभेला बांधला आहे काय, घरी तुमच्या दोन पोरी आहेत त्या कोणाच्या भरवशावर, दुसऱ्यांना अक्कल शिकवता आणि स्वतः मुंडकं घालता. सगळं एका दमात. ते खाली मान घालून ऐकत होते. मग ते धुऱ्यावर बसले. कानाजवळचं रक्त त्यांनी बाहीला पुसलं. निंबाच्या झाडाकडे तोंड करून ते म्हणाले, "लहानीले म्हणा, पाणी दे."

"इथं कोणी नाही," मी म्हटलं. "मलेच मागा."

तोंड झाडाकडेच ठेवून त्यांनी घसा साफ केला. मग म्हणाले, "पाणी द्या."

घरी पोचायच्या आधीच बातमी पोचलेली. जाऊबाई दारातच भासऱ्यांच्या कानाजवळची जखम पाहून भिंतीला टेकून खाली बसल्या. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, देवापुढे साखर ठेवली, आणि मग मला विचारलं, "बोलली तवा डोक्यावर पदर होता काय?"

"नव्हता," मी म्हटलं. "ट्रॅक्टरवर मी रुमाल बांधते." त्यांना ते आवडलं नाही. मलाही त्यांचं विचारणं आवडलं नव्हतं, फिट्टंफाट झाली.

वाकडी ट्रॉली ओढत धामणगावला नेली. नवीन पिना झाल्या, क्लिपच्या जागी साखळी आणि खटका आला. पण भासरे गाडीखाली जाईनात. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य गाड्यांखाली गेलं तो दुकानात वेल्डिंगची काच हातात धरून नुसता बसून राहायचा. गिऱ्हाइकाला सांगायचा, उद्या या. जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, ते रात्री दचकून उठतात, मानेला हात लावून पाहतात. त्यांचं हे काम सुटलं तर त्यांच्या घराचं काय, हे मला कोणी सांगायला नको होतं.

एका सकाळी आम्ही सगळे ओट्यावर असताना त्यांनी सवयीनं नवऱ्याकडे तोंड वळवलं. "लहानीले..." म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे वळले. "डबा बसवाचा हाये. मले खाली जा लागते. तुम्ही येता काय?" सासूबाई उठून आत गेल्या. मी चपला घातल्या.

दुकानात डबा साखळीच्या कप्पीनं वर उचलून धरला होता. दोन्ही बाजूंना टेकू. मी ते हलवून पाहिले, लाथ मारूनही पाहिले. भासरे खाली बसले, उठले, परत बसले. कपाळावर घाम. मला म्हणाले, "मी आत गेलो का तुम्ही पिनेवर नजर ठेवा. अन् बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीबी. तुमचा आवाज बंद झाला का मी बाहेर निघतो."

ते पाठीवर सरकत आत गेले. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. मी म्हणायला लागले, पिन जागेवर हाये. टेकू जागेवर हाये. साखळी जागेवर हाये. खाली पाना फिरल्याचा आवाज येत होता. हेच किती वेळ म्हणणार? मी जराशी थांबले तर पाय एकदम ताठ झाले. मग जे तोंडाला येईल ते बोलले. चहात साखर कमी टाका म्हणता आणि जाऊबाईंच्या हातचा पाक मुकाट्यानं पिता. डिझेलचं मला विचारायचं तर मला फोन करत चला. पिन जागेवर हाये. आणि मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात आलात, पेढ्यांचा पुडा खिडकीत ठेवला आणि बाहेरच्या बाहेर निघून गेलात. मी जागी होते. मला पाठ दिसली तुमची. मला वाटलं, एवढं एक तरी विचारतील.

पाना थांबला. मी वाकून पाहिलं. पाय होते, हलत नव्हते.

"ऐकून राह्यले ना?"

"हाव," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तवा... बऱ्या होत्या ना तुम्ही?"

"नव्हती," मी म्हटलं. "पिन जागेवर हाये."