पर्णिकेच्या मनगटावरचा डाग

लोणावळ्याला लोक धबधबे बघायला जातात, धुकं बघायला जातात, काहीजण नुसती चिक्की घ्यायलाही जातात. आम्ही मायलेकी गेलो भाजल्याच्या एका डागाचा तपास करायला. बार्शीहून सकाळी गाडी काढली तेव्हा आईच्या मांडीवर शेंगाचटणीचा डबा होता आणि चेहऱ्यावर 'तू म्हणतेस म्हणून येतेय' असा भाव. टेंभुर्णी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. इंदापूरच्या पुढे मात्र तिनं विचारलं, "बंगला नाही सापडला तर?"

त्याचं असं आहे. बाबा गेल्यापासून आई बार्शीच्या घरात एकटी असते. मी सोलापूरला नोकरीला. सुरुवातीला गल्लीतल्या बायका संध्याकाळी येऊन बसायच्या. हळूहळू आईनं दार उघडायला उशीर करायला सुरुवात केली आणि बायकाही समजून यायच्या थांबल्या. उरली ती फक्त मालिका. साडेसातची. जाहिराती लागल्या की समोरच्या शकूमावशीचा फोन यायचा, त्या संपल्या की फोन बंद. पुढच्या जाहिरातींना कोपऱ्यावरच्या नलिनीकाकू. दिवसभरात आईचं माणसांशी जे काही बोलणं व्हायचं ते या जाहिरातींमध्ये. साबण आणि गुडघेदुखीच्या मलमाचे मी आजही आभार मानते.

मालिकेतल्या सुनेचं नाव पर्णिका. असं नाव ठेवलेली सून मी आमच्या भागात पाहिलेली नाही, पण ते असो. ही पर्णिका दर दोन-तीन दिवसांनी भाकरी थापायची आणि कॅमेरा तिच्या हातांवर जायचा. आईच्या नजरेतून काय सुटणार? एक दिवस तिनं मला फोनवर सांगितलं, "पर्णीच्या डाव्या मनगटावर डाग आहे. भाजल्याचा. अर्धगोल." पुढच्या प्रसंगात हात लांबून दिसला की डाग गायब. गल्लीत यावरून तर्कांना ऊत आला. शकूमावशीचं म्हणणं, पहिल्या सासरच्यांनी डाग दिलेला आहे. नलिनीकाकूंच्या मते पर्णिकेला जुळी बहीण असणार. आईला खात्री होती की तिनं आगीतून कुणाला तरी वाचवलंय आणि लेखक ते योग्य वेळी सांगणार. आणखी एक शेरा ती नेहमी मारायची: "हात शिकलेला आहे, पण ज्वारीचा नाही."

गणपतीच्या सुमारास मालिका संपली. लग्नं लागली, खलनायिका रडली, डागाचं कुणी नावही काढलं नाही. त्याबरोबर फोनही संपले. मी रात्री विचारायचे, आज कुणाशी बोललीस? ती म्हणायची, तुझ्याशीच की. मला भीती वाटायला लागली. आई जेवते तेवढं पुरेसं नसतं, हे मला कळत होतं आणि त्यावर काय करायचं ते कळत नव्हतं. शेवटी एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलेलं वाचलं की चित्रीकरण लोणावळ्याच्या एका बंगल्यात झालं होतं. मी आईला म्हटलं, चल, जाऊन विचारू. ती हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

पुणे ओलांडून आम्ही जुन्या रस्त्याला लागलो. सोमाटण्याच्या पुढे दोन्ही बाजूंना भात. दिवाळी तोंडावर आलेली, शेतं पिवळी पडायला लागलेली, मध्येच कारखान्याची निळी पत्र्याची छपरं आणि पुन्हा भात. आई खिडकीची काच खाली करून वास घेत होती. "इकडे ज्वारी दिसतच नाही गं," ती म्हणाली. आमच्याकडच्या माणसाला ज्वारी नसलेलं रान म्हणजे बिनकुंकवाचं लग्न. कामशेतला चहा-भजी घेतली. टपरीवाल्यानं न मागता मिरच्या तळून दिल्या. लोहगड डाव्या हाताला दिसायला लागला तेव्हा मी तिला किल्ला दाखवला. तिनं बघितल्यासारखं केलं. "बंगल्याला फाटक काळं होतं आणि दारात वाकडा सोनचाफा," ती म्हणाली.

लोणावळ्यात बंगल्यांची काय कमी? पहिल्या फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, शूटिंगचा बंगला कुठला?

"कंच्या शूटिंगचा? ताई, हितं सगळंच शूटिंगचं हाये," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये घुसला.

दुसऱ्या ठिकाणी आम्हाला गिऱ्हाईक समजून खोल्या दाखवल्या. आईनं त्या सगळ्या नीट पाहून पडद्यांना नावं ठेवली. तिसऱ्या ठिकाणी कुत्रा होता. मी कंटाळून चिक्कीच्या दुकानाकडे गाडी वळवणार, तेवढ्यात आईनं माझा हात धरला. "थांब. चाफा."

काळं फाटक, वाकडा सोनचाफा. पण आत मोठ्या आवाजात गाणी, पोहण्याच्या तलावात डझनभर तरुण मंडळी आणि फाटकावर पन्नाशीतला एक माणूस, बबनभाऊ, बंगल्याची देखभाल करणारे. आईनं विचारलं, "आत जाऊन बघितलं तर चालेल का? मालिकेतलं तुळशीवृंदावन तेवढं."

"पार्टी हाये आत, मावशी. सोडता यायचं न्हाई," ते म्हणाले. मग आईचा चेहरा पाहून जरा खालच्या आवाजात, "आन तुळस न्हाईच वो. त्येंनी प्लायवूडची आनलती, जाताना घिऊन गेले."

एवढ्या लांब येऊन प्लायवूड. मला त्या लेखकाचा, त्या चॅनलचा आणि स्वतःचाही राग आला. बबनभाऊच म्हणाले, "मागनं या. पानी तरी प्या. मंडळी हायेत मागं."

बंगल्याच्या मागे पत्र्याची पडवी, तिच्यात चूल. समोर दरीपलीकडे नागफणीचं टोक. पाहुण्यांना म्हणे चुलीवरचं पिठलं-भाकरी हवी होती, त्यामुळे बबनभाऊंच्या मंडळी, मंदाबाई, दुपारपासून तिथंच होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि आईपुढे पाण्याचा तांब्या धरला. आईनं तांब्या घेतलाच नाही. तिनं मंदाबाईंचं मनगट धरलं.

अंगठ्याच्या मुळापाशी, डाव्या हाताला, अर्धगोल डाग.

"तू होतीस," आई म्हणाली.

मंदाबाई आधी घाबरल्या. मग मी सगळं सांगितलं तशा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "व्हय, माजाच हात. त्या ताईंना भाकरी यायची न्हाई, नखं लांब ना. मग मला बोलवायचे. तिच्या बांगड्या माज्या हातात. डागावर पावडर लावायचे, पन पिठात हात घातला की निघून जायाची."

"पण ज्वारीचा हात नाही तुझा," आई म्हणाली.

"कसा असंल? आमी हितलेच, मावळातल्या औंढ्याचे. आमाला तांदळाची सवय. पयल्या दिवशी ज्वारीच्या चार भाकरी मोडल्या, तवा कुटं एक जमली. तुमाला दिसलं व्हय त्ये?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढची दहा वर्षं मी तिला कुठल्याही बाबतीत 'तुला काय कळतंय' म्हणणार नाही.

बोलता बोलता मंदाबाई उकड (उकळत्या पाण्यात वाफवलेलं तांदळाचं पीठ) मळायला बसल्या. आतून कुणीतरी ओरडून भाकरी मागितली. आईनं पदर खोचला. "सरक थोडी. मी थापते, तू भाज." बाबा गेल्यापासून तिनं भाकरी केलेली नव्हती. एका माणसासाठी काय तवा तापवायचा, असं म्हणून चपात्या बाहेरून आणायची. मी बघत राहिले. पहिली भाकरी परातीतच फाटली. तांदळाचं पीठ ज्वारीसारखं ऐकत नाही. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. दोघी त्या दुमडलेल्या भाकरीकडे पाहून हसल्या. तिसरी फुगली.

मग आईनं विचारलं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते. "डाग कशाचा गं?"

"काय न्हाई वो. तव्याची कड लागली." मंदाबाईंनी लाकूड पुढे सारलं. "माजी थोरली जाऊ व्हती. आमी दोगी एका चुलीवर. ती थापायची, मी भाजायची. एकदा कायतरी बोलली ती, आन मला असं हसू आलं की हात तव्याला टेकला तरी कळंना. मी कळवळतीय आन हसतीय. ती बी हसतीय. सासू आतनं वरडतीय, तरी आमचं थांबंना."

"आता कुठं असते?"

"गेली. कावीळ झालती. लय वर्सं झाली." त्यांनी भाकरी उलटली. "मेकपवाल्या बाई म्हनायच्या, झाकू. मी म्हनायची, झाका. पन पावडर निघाली की बरं वाटायचं."

"कशावर हसला होतात?"

"त्येच तर आठवत न्हाई, मावशी. लय आठवून बघितलं."

चुलीतलं लाकूड तडकलं. पलीकडे कुणीतरी तलावात उडी मारली. आई थापत राहिली. आणि मग, परातीतून नजर न काढता, ती बोलायला लागली. "आमचे हे पहिली भाकरी ताटात पडूच द्यायचे नाहीत. तव्यावरून उचलायचे, फुंकर मारत तिथंच खायचे. ओट्याला टेकून. मी रोज म्हणायचे, उभ्यानं खाऊ नका. रोज. शेवटच्या दिवशी पण म्हणाले मी." तिच्या आवाजात रडू नव्हतं. माझ्या डोळ्यांत होतं, म्हणून मी नागफणीकडे बघत बसले. बाबांबद्दल ती माझ्याशी इतकं कधीच बोलली नव्हती. मी तिची मुलगी, मला दुखेल म्हणून ती गप्प राहायची आणि तिला दुखेल म्हणून मी. मंदाबाईंना दोघींपैकी कुणालाच जपायचं नव्हतं, आणि त्यांच्या हाताला काम होतं.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. मंदाबाईंनी तांदळाच्या पिठाची पिशवी आईच्या हातात कोंबली. "इंद्रायणीचं हाये, घरचं. फुडच्या वेळी औंढ्याला या, घरी." त्या रात्री तळेगावात माझ्या मैत्रिणीकडे मुक्काम केला. सकाळी परत फिरलो तेव्हा आईनं सोमाटण्यापासून इंदापूरपर्यंत तोंड मिटलं नाही. चिक्की घ्यायची राहिली हे आम्हाला टेंभुर्णीला आठवलं.

बार्शीत गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली तर शकूमावशी आणि नलिनीकाकू आमच्या फाटकातच उभ्या. मी आदल्या रात्री फोन केला होता, एवढंच सांगायला की तपास लागला.

"काय झालं? सासरच्यांनीच ना?" शकूमावशीनं गाडीचं दारही उघडू दिलं नाही.

आई सावकाश उतरली. पिठाची पिशवी काखेत. "उद्या साडेसातला या. भाकऱ्या करते. तेव्हा सांगेन."

"अगं, आता सांग की."

"उद्या," आई म्हणाली आणि आत गेली. मालिकांकडून माणूस काहीच शिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिची ती पाठ पाहायला हवी होती.

मी रजा एक दिवसानं वाढवली. प्रवासाला जाताना आपण काहीतरी बघायला जातो, असा माझा समज होता. आईनं ना किल्ला पाहिला, ना धबधबा. ती एक प्रश्न घेऊन गेली आणि परत आली तेव्हा तिच्याकडे कुणाला तरी सांगण्यासारखं काहीतरी होतं. मला वाटतं, घराचं दार उघडायला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला स्वयंपाकघरात बसायला जागा नव्हती. आईनं गोष्ट अगदी घडली तशी सांगितली, पदरचं काही घातलं नाही. आग नाही, सासरचे नाहीत, जुळी बहीण नाही. "पण हसत कशावर होत्या?" नलिनीकाकूंनी विचारलं. "तिलाच आठवत नाही," आई म्हणाली आणि तिनं पहिली भाकरी तव्यावर टाकली. भाकरी फुगली. शकूमावशीला तांदळाच्या भाकरीचं कोण नवल, तिनं उठून ती तव्यावरूनच उचलली आणि ओट्याला टेकून फुंकर मारत तुकडा मोडला.

आईचा थापता हात थांबला. तिनं शकूमावशीकडे पाहिलं, थोडा जास्तच वेळ पाहिलं.

"उभ्यानं खाऊ नकोस गं," ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.