राखणदार नसलेले उंदीर

ईश्वरमामा शिक्रापूरच्या कंपनीत उंदरांना माणसाचं लिव्हर बसवतात आणि ते उंदीर माणसासारखे कण्हतात, अशी बातमी इनामगावात मालनबाईंनी पसरवली. "म्या न्हाई ऐकलं बाई, पर ज्यानं ऐकलं त्याला तीन दिस ताप," हे वर.

कण्हत कोणी नाही. मामा तिथं पिंजरे धुतात, भुसा बदलतात, बाटल्या भरतात. काही उंदरांत माणसाचा एक जीन घातलेला असतो, म्हणून औषध त्यांच्या लिव्हरमध्ये आपल्यासारखं मोडतं. काहींतला एक जीन काढलेला असतो. औषधाला मेंदूत घुसू न देणारा राखणदारच त्यांच्यात नसतो. दिसायला सगळे सारखेच पांढरे, फक्त पिंजऱ्यांच्या रांगा दोन.

दिवाळीनंतर उंदरांना खरूज लागली. तिथल्या चाचण्या बघणाऱ्या साधना मॅडमना सांगायचं तर अर्ज आला, सही आली. मामांनी घरून शेळ्यांच्या खरजेचं औषध नेलं आणि कोणाला न विचारता दोन्ही रांगांच्या बाटल्यांत थोडं थोडं टाकलं.

सोमवारी माणसाचा जीन घातलेल्यांची रांग टुणटुणीत होती. दुसऱ्या रांगेतले, राखणदार नसलेले, झोकांड्या खात होते. दुपारपर्यंत अठरा गेले. मॅडमना वाटलं, फिट येण्यावरच्या ज्या नव्या औषधाची चाचणी चालली होती, त्यानंच ते मेले. ते औषध बंद करा, असा रिपोर्ट त्या लिहायला बसल्या. मामा गप्प राहिले. नोकरी गेली तर या वयात कुठली कंपनी घेणार?

उंदीर पाणी पिताना बाटलीच्या नळीतली गोळी टिकटिक वाजते. मामांना ती आता अठरा रिकाम्या पिंजऱ्यांतून ऐकू येऊ लागली. मग बसमध्ये. मग जेवताना, घास तोंडात असताना. मामी म्हणायची, घड्याळ असेल. त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं.

मामांनी हे फक्त मला, त्यांच्या भाचीला, सांगितलं. मी म्हणाले, मामा, तुमच्यानं मॅडमपुढं तोंड उघडवणार नाही. पैज लावा, उघडलंत तर आठ दिवस शेतातला तुमच्या वाट्याचा झेंडू मी तोडेन.

रिपोर्ट जायच्या दिवशी मामा चप्पल बाहेर काढून मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "तुमच्या औषधानं न्हाई मेले ते. आमच्या शेळ्यांच्या औषधानं मेले. म्या घातलं."

मॅडमनी रिपोर्टचे कागद बाजूला सारले. मग शांतपणे म्हणाल्या, "ह्यांच्यात राखणदार नसतो, हे मीच तुम्हाला सांगितलं होतं ना, ईश्वर?"

"व्हय. पर शेळ्यांत असतो ना. त्याच नादात इसरलो."

रिपोर्ट थांबला. मामांना घरी बसवलंय, पुढचं कंपनीचे साहेब ठरवणार आहेत. आज माझा झेंडूचा तिसरा दिवस. मामा बांधावर बसून सांगतात, "तेजे, देठ ठेव जरा," आणि मी गुमान ठेवते.