रंग्याच्या खालचा म्हसोबा

रहाटणीच्या शिवारात गोजाबाईच्या सासरची जमीन होती. बांधाला, लिंबाच्या झाडाखाली, पुरुषभर उंचीचा काळा धोंडा उभा होता. तो त्यांचा म्हसोबा. नांगर धरायच्या आधी त्याला नारळ, लग्न लागलं की पहिला शेंदूर त्याला. बासष्ट साली सर्वेवाले आले आणि दोन वर्षांत त्या जमिनीवर तंत्रनिकेतनाच्या इमारती चढल्या. जमिनीच्या बदल्यात गोजाबाईचा नवरा भिमाजी गेटवर वॉचमन म्हणून लागला आणि ती होस्टेलच्या खानावळीत पोळ्या लाटायला. लिंब तोडला गेला. धोंडा मात्र हलेना, म्हणून वर्कशॉपच्या समोर तसाच राहिला.

पहिली बॅच बाहेर पडायच्या दिवशी पोरांनी धोंड्याला पिवळा ऑइलपेंट फासला आणि वर लाल आकड्यात साल घातलं. भिमाजीनं खुरपं घेऊन तो सगळा खरवडून काढला. प्राचार्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"भिमाजी, पोरं वर्षातून एकदा हौस करतात. दगडच आहे तो."

"साहेब, देव हाय आमचा."

"मग देवाला रंगानं काय होतंय?"

भिमाजी खुरपं उचलून गेटवर परत गेला. पुढच्या वर्षी निळा रंग आला, त्याच्या पुढच्या वर्षी हिरवा. शेवटच्या वर्षाची पोरं हलगी लावून वाजतगाजत यायची, हात रंगात बुडवून धोंड्यावर पंजे उठवायची. धोंड्याचं नाव 'रंग्या' पडलं. परीक्षा आली की हीच पोरं त्याच्यापुढं नारळ फोडत आणि म्हणत, "रंग्या, एवढा पेपर निघू दे." गेटवरून जाताना भिमाजीला सांगत, "काका, तुमच्या देवाला नवे कपडे शिवलेत." तो हसायचा. घरी आला की मात्र त्या दिवशी जेवायचा नाही.

त्यांचा मुलगा सयाजी पिंपरीच्या एका कारखान्यात चिकटला. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं, आणि देवदर्शनाचा विषय निघाला.

"सून आपली त्या ऑइलपेंटला हळद लावणार व्हय?" गोजाबाई म्हणाली. "शेंदूर तरी ठरंल का त्याच्यावर?"

भिमाजीनं पाठ फिरवली. बोल त्याच्या मनाला लागला, हे तिला त्याच्या पाठीवरूनच कळलं.

सुट्टी लागून होस्टेल रिकामं झालं, तसं त्यानं काम काढलं. सकाळपासून तो खुरप्यानं खरवडत होता. पण आता एकावर एक इतके थर बसले होते की खुरपं नुसतं घसरत होतं. लाल निघाला की खाली पांढरा, पांढऱ्याखाली निळा. गेल्या वर्षी वर्कशॉपच्या खिडक्या रंगवताना जुना रंग जाळून काढलेला त्यानं पाहिला होता. पोरांचा उरलेला थिनरचा डबा त्याच्या केबिनमध्येच पडून होता.

गोजाबाई दुपारी भाकरी घेऊन आली तेव्हा तो धोंड्यावर डबा रिता करत होता. वास तिला लांबूनच आला.

"अवो, हे काय करताय?"

"लांब हो. बघ, आता आतला देव निघंल."

त्यानं काडी ओढली. भडका धोंड्यावर उठला तसाच त्याच्या अंगावर आला, कारण ओतताना थिनर त्याच्या खाकी पँटीवरही सांडलं होतं. तिनं भाकरीचं फडकं टाकलं, लुगड्याच्या पदरानं झोडपलं, मातीत लोळवलं. तिचेही हात भाजले. वर्कशॉपचा शिपाई धावत आला, टेम्पो मिळाला, दवाखाना गाठला.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. ओठ सुजलेले होते. ती कान जवळ नेऊन बसली.

"शेंदूर दिसला का गं?"

तिनं त्या दगडाकडं वळूनही पाहिलं नव्हतं.

"दिसला," ती म्हणाली. "लालभडक दिसला."

संध्याकाळी तो गेला. पोलिसानं विचारलं, घरात भांडण होतं का? कॉलेजनं कळवलं की मयत सुट्टीच्या काळात स्वतःच्या मर्जीनं ते काम करत होता. सयाजीचं लग्न पुढं ढकललं गेलं. पुढं ते झालं ते चार माणसांत, बिनवाजंत्रीचं. हात बरे झाल्यावर गोजाबाई पुन्हा खानावळीत उभी राहिली. मुलाच्या घरात नुसतं बसून खाणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

कॉलेज उघडलं तसा मुकुंद नावाचा शेवटच्या वर्षाचा मुलगा तिच्याकडं आला. डोळे खाली घालून म्हणाला, "मावशी, आम्ही रंग्याला काळा रंग दिलाय. वर काकांचं नाव लिहिलंय. इथून पुढं कुणी रंगवणार नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय."

पोरगं मनापासून बोलत होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस बाळा." बघायला मात्र गेली नाही. तिला हवा होता तो खरवडलेला धोंडा. नाव लिहिलेला नव्हे. पण हे त्या पोराला कसं सांगायचं?

मुकुंदची बॅच बाहेर पडली. पुढच्या बॅचनं वर्षभर शब्द पाळला. त्याच्या पुढच्यांना ठरलेलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी केशरी रंग फासला आणि भिमाजीचं नाव खाली गेलं.

ब्याऐंशी साली ती ताटात पोळ्या वाढत होती. पुढं रांगेत दोन मुलं होती. जुना मुलगा नव्याला सांगत होता, "रंग्याला खरवडलंस तर खाली काळा थर लागतो. का माहितीये? एका पोरानं प्रेमात नापास झाल्यावर तिथं जाळून घेतलं होतं."

गोजाबाईचा हात थांबला.

"पोरगा न्हवता तो," ती म्हणाली. "वॉचमन होता. माझा नवरा. आन त्यानं जाळून न्हाई घेतलं."

नव्या मुलानं चाचरत विचारलं, "मग काय झालं होतं, मावशी?"

मागची रांग ताटं वाजवू लागली होती. ती सांगू लागली: शेतापासून, लिंबापासून. म्हसोबापर्यंत आली, तर मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, पोळी!" तिनं पोळी वाढली. रांग पुढं सरकली आणि नवा मुलगाही ताट घेऊन पुढं गेला.

पुढच्या रंगाच्या दिवशी तिनं रजा काढली. दुपारी हलगीचा आवाज वस्तीपर्यंत आला. सयाजी सेकंड शिफ्टला निघाला होता. त्यानं उंबऱ्यातून आईकडं पाहिलं, परत आत आला, आणि तिच्यासमोरची खिडकी लावून घेतली. आवाज लाकडातूनही येत होता.