कोपरा फाटलेलं पाकीट

महादेवराव माहा सख्खा भाऊ, माह्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. अल्लीपूरच्या अलीकडं आमचं खेडं. त्या अख्ख्या खेड्यात त्याले भेकड म्हणणारा माणूस जन्मला नाई. विहिरीत बैल पडला तं कमरेले दोर बांधून पहिले हाच उतरे. गोठ्यात नाग निघाला तं बाकीचे पळत, हा बिडी विझवून काठी शोधे. असा माणूस एका पाकिटाले पंधरा दिवस भेला. त्याची गोष्ट सांगतो. मधात कोणी टोकू नका बाप्पा, कारण यातला चोर मीच हावो, अन् एकदा थांबलो का पुन्हा माह्यानं बोलणं होणार नाई.

दादाले एकच लेकरू, जयवंता. पोट्टी तोंडाची तिखट. नागपूरले वकिली शिकली, पहिली आली, अन् सन ऐंशीत तिले शिष्यवृत्ती भेटली. हॉलंड देशात एक जुनं विद्यापीठ हाये. तिथं देशोदेशीचे पोरं येऊन आंतरराष्ट्रीय कायदा शिकतात. मी विचारलं, "हा कोणता कायदा वं?" म्हणे, "काका, दोन शेतकऱ्यांचं धुऱ्याचं, हद्दीचं भांडण हिंगणघाटच्या कोर्टात जाते. दोन देशांचं कुठं जाईन? तेच शिकाचं हाये."

दादानं हो म्हटलं, पण अट घातली. एक वर्ष. मंग वापस यायचं अन् समुद्रपूरच्या सदाशिवरावच्या पोरासंग लग्न. पोट्टी कबूल झाली अन् गेली.

महिन्याले एक पत्र येत जाय. दादा ते आंगणात बसून वहिनीले वाचून दाखवे, मंग माह्या दुकानात येऊन पुन्हा मले. वर्गात सतरा देशांचे लोक हायेत. तिघं प्रोफेसर समोर बसतात, अन् खोटं खोटं कोर्ट भरवतात. तिच्या वाट्याले असा देश आला का जो तिनं नकाशातही नीट पाह्यला नव्हता. वरच्या देशानं नदीवर धरण बांधलं, खालच्याचं पाणी अडलं, तं खालच्याच्या बाजूनं तिनं बोलाचं. लिवलं होतं, "बाबा, आधी मी घाबरले होते. मग आपला नाला आठवला, वरच्या वावरवाल्यानं बांध घातला होता तो, आणि तुम्ही त्याला काय काय बोलला होता ते. शिव्या गाळून तेवढंच इंग्रजीत बोलले."

दादा हे चार चार लोकांले वाचून दाखवे. हसे, अन् डोळे पुसे.

डिसेंबरच्या पत्रात तिनं लिवलं का एका प्रोफेसरले तिचं काम आवडलं, नद्यांच्या तंट्यावर आणखी दोन वर्षं अभ्यास कराची जागा भेटू शकते. "पक्कं झालं की कळवीन. तुम्ही हो म्हणाल तरच राहीन, नाही तर ठरल्यासारखी परत येईन." दादानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन मले म्हणे, "तानबा, पोट्टीनं इचारलं तं मी हो म्हणतो. सदाशिवरावले मी पाहून घेईन." म्हणजे त्याचं ठरलं होतं. हे ध्यानात ठेवा.

आता माही करणी. डाकवाला सगळ्या गावाची डाक माह्या दुकानात टाकून जाय. जयवंताच्या पाकिटांवरचे तिकीट मले फार आवडत. दुकानाच्या काचेवर एखादं चिकटवावं, गिऱ्हाईकाले म्हणावं, पाह्य, आमची पुतणी कुठून लिवते. पण वहिनी पाकीट हातचं सोडे नाई, पेटीत घालून कुलूप लावे. फेब्रुवारीच्या सोळा तारखेले पाकीट आलं. या खेपेले मोठं, जाड, वर पत्ता टाईप केलेला. मी सुपारीच्या चाकूनं पाकिटाचा तिकिटवाला कोपरा उडवला. आतल्या कागदाले धक्काही लागला नाई. अन् पाकीट दादाच्या हाती देलं.

अक्कल कुठं गेलती माही? आमच्याकडं मयतीच्या पत्राचा कोपरा फाडून धाडतात. असं पत्र घरात नेत नाईत. बाहेरच वाचाचं, तिथंच फाडून टाकाचं, डोक्यावरून पाणी घेऊन मंग आत यायचं. हे मले लहानपणापासून मालूम. पण मयतीचं असते साधं पोस्टकार्ड, अन् हे पडलं परदेशी पाकीट. माह्या डोक्यात ते दोन एकत्र आलेच नाईत. दादाच्या आले.

त्यानं पाकीट उलटं-सुलटं पाह्यलं. पोरीचं अक्षर नाई. इंग्रजी छापील नाव, टाईप केलेला पत्ता, अन् कोपरा गायब. मले वाटलं, कागदपत्राचं पाकीट हाये, वाचून दाखवाले कायी नसन. तो पाकीट घेऊन गेला.

पाकीट त्यानं घरात नेलंच नाई. गोठ्याच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात ठेवलं, वर कडब्याची पेंडी लावली. अन् फोडलं नाई. हे त्यानं मागून सांगतलं मले. म्हणे, "वाचलं असतं तं ती मेली असती. नाई वाचलं तोवर जित्ती होती." दिवसातून दहादा गोठ्यात जाय, कोनाड्यापुढं उभा राहे, हात लावे, अन् घामानं भिजून बाहेर ये. वहिनी विचारे, "पत्र नाई आलं का जी पोरीचं?" तं म्हणे, "थंडी लय हाये तिकडं, डाक उशिरा येते."

माणूस आमच्या डोळ्यांपुढं वाळला. वावरात कापसाची वेचणी चालू, हा धुऱ्यावर नुसता बसून राहे. लांबून डाकवाल्याची सायकल दिसली का उठून आड जाय. दुसरं पाकीट आलं तं काय करू, हे भेव. एक दिवस मले विचारलं, "तानबा, तिकडं माणूस मेला तं जाळतात का पुरतात?" मी म्हटलं, "तुमाले कायले पाह्यजे?" म्हणे, "असंच." तरीही माही टूब पेटली नाई. मले वाटलं, म्हातारपणाचं कायी असन.

पंधराव्या दिवशी, तीन मार्चले, वहिनी कडबा काढाले गेली अन् पाकीट तिच्या हाती पडलं. फाटका कोपरा पाहून ती तिथंच खाली बसली. तिची हाक ऐकून मी दुकान उघडं टाकून धावलो. दादा गोठ्याच्या दारात उभा होता. वहिनीले म्हणे, "नको फोडू, आनंदा. पाया पडतो, नको फोडू."

वहिनी म्हणे, "मले वाचता येत नाई. फोडता येते." अन् फोडलं.

आतून एक छापील फॉर्म निघाला, अन् जयवंताच्या हातचं पत्र. मी वाचलं. मले शब्दन् शब्द याद हाये. "बाबा, जागा मिळाली! हे पाकीट ऑफिसातूनच जातंय, सोबत त्यांचा कागद आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत मला होकार द्यायचा आहे. तुम्ही फक्त 'हो' एवढी तार करा. तार आली नाही तर तुमचा नकार समजेन आणि परत येईन. रागावणार नाही."

वहिनी मोठ्यानं रडली, पोट्टी जित्ती म्हणून. दादाही रडला. मंग त्यानं विचारलं, "आज तारीख कोणती?"

आम्ही दोघं तसेच हिंगणघाटले गेलो, तार केली. आठ दिवसांनी जयवंताचं पत्र आलं. तुमची तार तीन दिवस उशिरा भेटली, म्हणे, जागा दुसऱ्याले गेली. बस, एवढंच. कोपऱ्याची गोष्ट दादाच्यानं पत्रात लिववली नाई.

जुलैत ती वापस आली. फाट्यावर बसमधून उतरली तवा तिचं तोंड पाहूनच समजलं का पोट्टी भांडाले आली. पाच-सहा लोक उभे होते. तिनं बॅग खाली ठेवली अन् म्हणे, "बाबा, नाई म्हणाचं होतं तं वेळेवर म्हणाचं. मुद्दाम उशिरा तार कराची काय गरज होती?"

दादा म्हणे, "मी नाई म्हटलं नाई, बाई. कोपरा फाटका होता. मले वाटलं तू गेली. मी भेलो." एवढ्या लोकांपुढं म्हणे, "मी भेलो." तिनं बॅग तशीच सोडली. मंग त्याचा हात धरून घराकडं निघाली. बॅग मी उचलली. तवाच बोलाचं होतं मी. कोणीतरी म्हणे, डाकेतच फाटलं असन, अन् मी मान हालवली. काचेवर कधी न चिकटवलेलं ते तिकीट घरी जाऊन चुलीत टाकलं.

समुद्रपूरचं लग्न मोडलं, त्याचं कोणाले दुःख झालं नाई. जयवंता हिंगणघाटच्या कोर्टात वकिली कराले लागली. लोकांचे धुरे, नाले, बांध, तेच. मी मात्र रोज भेत जाय. दादा दुकानात आला का वाटे, आज विचारते का काय. त्यानं कधी विचारलं नाई. सत्त्याऐंशीत तो गेला.

तेरवी झाल्यावर मी जयवंताले मागच्या आंगणात बोलावलं अन् सगळं सांगतलं. वाटलं, आता ही मले चपलेनं मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं.

तिनं आंगणाचं दार लोटून घेतलं. मंग म्हणे, "काका, मले कायले सांगता? माहं गेलं ते गेलं. बाबा सहा वर्षं मले म्हणत होते, मी भेकड निघालो, माह्यानं तुहं शिक्षण गेलं. मरताना बी तेच म्हटलं. त्याइले सांगाचं होतं."

मी म्हटलं, "मले भेव लागे वं."

"त्याइले बी लागलं होतं," ती म्हणे. "पण त्याइनं फाट्यावर, सगळ्यांपुढं सांगतलं."

अन् ती आत वहिनीपाशी जाऊन बसली.